घरी मदतनीस की ज्येष्ठांचं संकुल?

आईवडिलांना ज्येष्ठांसाठीच्या निवासी संकुलात ठेवायचं का, हा विचार सुरू झाला की बोलणं आधी खोल्या, बाग आणि कार्यक्रमांवर जातं. खरं तर पहिल्यांदा पाहायला हवं ते हे, की त्यांना नेमकी कशात मदत लागते. वृद्धसेवेत यासाठी एक सोपी विभागणी वापरतात. अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं ही सहा मूलभूत कामं. स्वयंपाक, खरेदी, पैशांचे व्यवहार, वेळेवर औषधं, प्रवास हा दुसरा गट.

अडचण फक्त दुसऱ्या गटात असेल तर माझं मत सरळ आहे: घर सोडायची घाई नको. दिवसातून काही तास येणारा मदतनीस, औषधांची आठवड्याची डबी आणि न्हाणीघरात आधाराचे दांडे एवढ्यानं बरंच निभावतं. मात्र एकटेपणा खात असेल तर हा हिशोब बदलतो.

पहिल्या गटात मदत लागू लागली की प्रश्न रात्रीचा होतो. आठवड्याचे तास १६८. एका माणसानं आठवड्याला ४८ तास काम केलं, तरी चोवीस तासांच्या देखरेखीसाठी किमान चौघं लागतात. ती माणसं शोधणं, शिकवणं, एक जण अचानक आला नाही तर बदली पाहणं हे घरी तुमच्याच अंगावर पडतं. अनेकदा ते एकाच मुलीवर किंवा सुनेवर पडतं आणि काही महिन्यांत ती थकून जाते. संकुलात बदलीची जबाबदारी चालकांची.

पण एक गोष्ट तिथं हमखास जाते. घरचा मदतनीस पूर्णपणे एका माणसाचा असतो. संकुलात एक कर्मचारी अनेकांना पाहतो. अंघोळीची वेळ त्याच्या पाळीप्रमाणे ठरते. ज्यांनी आयुष्यभर आपल्या घड्याळानं दिवस काढला, त्यांना हे जड जातं. त्याला किरकोळ तक्रार समजू नका.

पडण्याचा धोकाही दोन्हीकडे आहे. ६५ च्या पुढच्या दर तिघांतला साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. तासाभराहून जास्त वेळ फरशीवर पडून राहिल्यास स्नायूंना इजा होऊ शकते, शरीरातलं पाणी कमी होऊ शकतं. एकट्या राहणाऱ्याचा खरा धोका इथं आहे. संकुलात पलंगाशी बेल असते, पण ती वाजल्यावर कोण येतं आणि किती वेळात, हे विचारा. रात्री किती रहिवाशांमागे किती कर्मचारी असतात, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ते संकुल यादीतून काढा.

संकुलांतही फरक आहे. ‘इंडिपेंडंट लिव्हिंग’मध्ये घर, जेवण, सफाई, सोबत मिळते, अंगाला हात लावून करायची सेवा सहसा त्यात धरलेली नसते. ती ‘असिस्टेड लिव्हिंग’मध्ये येते. विस्मरणाच्या आजारासाठी, म्हणजे डिमेन्शियासाठी, तिसरा, जास्त देखरेखीचा विभाग असतो. कितीतरी कुटुंबं पहिल्या प्रकारचा करार करतात आणि अपेक्षा दुसऱ्याची ठेवतात.

जायचंच ठरत असेल तर हातपाय चालत असताना जाणं बरं. नवे रस्ते लक्षात राहतात, ओळखी होतात. डिमेन्शिया वाढल्यावर अनोळखी जागेत गोंधळ आणि भीती जास्त असते. अनेक ठिकाणी थोड्या दिवसांचा मुक्काम करता येतो. तो करा, आणि संध्याकाळी न सांगता भेट द्या.

खर्चात फसगत होते ती कराराच्या शब्दांत. घरी तास वाढले की खर्च वाढतो, हे निदान दिसतं. संकुलात काळजीची पातळी वाढली की शुल्क किती वाढणार, ती पातळी कोण ठरवणार, अनामत कधी परत मिळणार, हे लेखी घ्या. आणि जोडपं असेल तर एक कलम विशेष तपासा: दोघांतल्या एकाला असिस्टेड विभागात हलवावं लागलं, तर दुसऱ्याला सोबत राहता येईल का, आणि शुल्क दोन खोल्यांचं लागेल का?