इग्नूची राज्यशास्त्राची पुस्तके: मराठी विद्यार्थ्याने कोणता संच घ्यावा?

इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी. ए. ऑनर्स (राज्यशास्त्र) अभ्यासक्रमाची पुस्तके ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यामुळे प्रवेश पुणे, मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात असला, तरी ती वाचणारे पुष्कळ असतात. पुस्तके चांगलीच आहेत. अडचण येते ती संच निवडताना. ती इंग्रजी आणि हिंदी अशा दोनच भाषांत आहेत, आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'हिंदी आपल्याला जवळची' म्हणून हिंदी संच उचलतो. इथेच गफलत होते.

हिंदी अवघड आहे असे नाही. तिचे शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ मात्र निराळा असतो. हिंदीतला 'अधिकार' म्हणजे आपला हक्क. हिंदीतली 'शक्ति' ही आपली सत्ता, आणि हिंदीतली 'सत्ता' बऱ्याच ठिकाणी आपली अधिसत्ता. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचा सगळा मुद्दाच या फरकावर उभा आहे: नुसत्या जोरावर चालते ती सत्ता, लोक जिला मान्यता देतात ती अधिसत्ता, आणि तिचे पारंपरिक, करिष्म्यावर आधारलेली व कायदेशीर-विवेकनिष्ठ असे तीन प्रकार. हे दोन शब्द उलटे लागले की उत्तर नेमके उलटे होते, आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती. त्यात कुणी संशोधन करत नाही. हिंदीतली 'आलोचना' म्हणजे आपली टीका, तर हिंदीतली 'टीका' म्हणजे भाष्य. हिंदीत 'घटना' म्हणजे नुसता प्रसंग. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेला 'सेक्युलर' हा शब्द मराठी संविधानात 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. पेपर हिंदीत लिहायचा असेल तर तोच लिहावा.

म्हणून आमची शिफारस स्पष्ट आहे: इंग्रजी संच मूळ धरा आणि शेजारी भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश ठेवा. एका घटकात (म्हणजे धड्यात) आठ-दहा नव्या संज्ञा येतात. वहीत दोन रकाने आखून इंग्रजी संज्ञेसमोर मराठी संज्ञा आणि तिची एका ओळीची व्याख्या लिहायची. ज्यांची परीक्षा हिंदीतून आहे त्यांनीच तिसरा रकाना वाढवावा. पहिले चार-पाच घटक या पद्धतीने कूर्मगतीने सरकतात. पुढे त्याच संज्ञा पुन्हा पुन्हा येतात आणि वेग आपोआप वाढतो.

डाउनलोड करताना संकेतांक नीट पाहा. तीन वर्षांच्या ऑनर्स रचनेत गाभ्याचे 14 पेपर बीपीएससी-101 ते 114 असे आहेत. 131 ते 134 हे साध्या बी. ए.चे पेपर आहेत: तोच विषय, पण आटोपशीर. शोधखिडकीत नाव टाकले तर ईपीएस ने सुरू होणारी जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकेही वर येतात. त्यांतला राजकीय विचारांचा भाग आजही वाचण्याजोगा आहे, भारतीय शासनव्यवस्थेचा भाग मात्र टाळावा. प्रत्येक घटकाची फाइल वेगळी असते, म्हणून नावाआधी पेपर व घटकाचा क्रमांक घालूनच ती साठवा.

घटकाची मांडणी स्वतः शिकणाऱ्यासाठी केलेली आहे: उद्दिष्टे, मजकूर, मधूनमधून स्वतःला तपासायचे प्रश्न, सारांश आणि शेवटी त्या प्रश्नांच्या उत्तरांचे मुद्दे. हे मुद्दे दोन-तीन ओळींचे असतात. ती नमुना उत्तरे नव्हेत, नुसता सांगाडा आहे. तोच पेपरात उतरवला तर गुण जातात, कारण युक्तिवाद आणि उदाहरण दोन्ही त्यात नसते.

सगळ्यांत सरस भाग राजकीय सिद्धांताचा (101 आणि 103). स्वातंत्र्य, समता, न्याय या कल्पनांवरचे वाद त्यात शांतपणे, बाजू न घेता उलगडले आहेत. 104, म्हणजे भारतातील राजकीय प्रक्रिया, वाचताना मात्र हातात पेन्सिल हवी. छापील पुस्तक काळाबरोबर बदलत नाही. 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती (लोकसभा व विधानसभांत महिलांना एक-तृतीयांश जागा, अंमल जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेनंतर) आणि निवडणूक रोखे रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 15 फेब्रुवारी 2024 चा निकाल समासात स्वतः लिहून घ्यावा.

भारतीय विचारवंतांच्या पेपरात मराठी वाचकाचे पारडे जड आहे. पंडिता रमाबाई, सावरकर आणि आंबेडकर तिथे प्रत्येकी काही पानांत उरकले आहेत, पण त्यांचे बरेच लेखन आपल्याला मराठीत, मूळ किंवा अनुवादात, वाचता येते. आंबेडकरांच्या घटकाआधी त्यांचे संविधान सभेतले 25 नोव्हेंबर 1949 चे भाषण पूर्ण वाचा. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतल्या विसंगतीचा मुद्दा तिथे जितका धारदार आहे, तितका कुठल्याही सारांशात उतरत नाही.

प्रत्यक्ष इग्नूतच प्रवेश घेणाऱ्यांनी वेळेचा हिशेब आधी करावा. 6 श्रेयांकांचा (क्रेडिट) एक पेपर म्हणजे 180 तासांचा अभ्यास. स्वाध्यायाला (असाइनमेंट, म्हणजे घरी लिहून द्यायची उत्तरे) 30 टक्के भार, सत्रान्त परीक्षेला 70. गाभ्याच्या पेपरचा स्वाध्याय 100 गुणांचा: 500 शब्दांची दोन उत्तरे, 250 शब्दांची तीन, 100 शब्दांची पाच. म्हणजे सव्वादोन हजार शब्द, तेही हाताने लिहून. नेहमीची चूक म्हणजे गेल्या सत्राची स्वाध्यायाची प्रश्नपत्रिका सोडवणे. आपल्या सत्राचीच आहे ना, ते मुखपृष्ठावर तपासा. बाजारातली तयार उत्तरे घेऊ नका. ती शेकडो जणांनी जशीच्या तशी उतरवलेली असतात, आणि स्वाध्याय स्वतः लिहिणे हाच परीक्षेच्या तयारीचा एक खरा सराव असतो.

सत्रान्त परीक्षेत तीन तासांत पाच प्रश्न, प्रत्येकी 20 गुण आणि साधारण 400 शब्द. प्रश्नपत्रिकेचे दोन विभाग असतात, आणि प्रत्येकातून किमान दोन सोडवावेच लागतात. एका उत्तराला 36 मिनिटे येतात. विचार आणि आखणीला सहा मिनिटे धरली तर तीस मिनिटांत 400 शब्द लिहून व्हायला हवेत. इंग्रजीत लिहायची सवय नसलेल्यांचा चौथा प्रश्न अर्धवट राहतो, पाचवा कोरा. परीक्षेआधी दोन महिने दर रविवारी घड्याळ लावून दोन उत्तरे लिहावीत. उत्तरे मराठीतून लिहायचीच असतील, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घ्या आणि इग्नूचा इंग्रजी संच पूरक म्हणून वापरा.