बर्कनहेड प्रायरी : जॉन लेअर्ड समजून घेण्यासाठी चढावा असा मनोरा

लिव्हरपूलला जाणारे बहुतेक पर्यटक मर्सी नदी ओलांडून बर्कनहेडला जात नाहीत. जहाजबांधणीच्या इतिहासात, विशेषतः येथील जहाजबांधणी कारखानदार जॉन लेअर्ड यांच्यात, ज्यांना रस आहे, त्यांनी मात्र तेथील प्रायरी चुकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाराव्या शतकातील बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष आणि त्याला लागून असलेल्या सेंट मेरी चर्चचा शिल्लक मनोरा, असा हा परिसर असून प्रवेश विनामूल्य आहे. मनोऱ्याच्या पायऱ्या शंभरावर आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधीच विचार करावा. १९३९ मध्ये ‘थेटिस’ या पाणबुडीत मृत्युमुखी पडलेल्या ९९ जणांना हा मनोरा अर्पण केलेला आहे आणि ती पाणबुडी शेजारच्याच गोदीत बांधली गेली होती.

वरून जे दिसते, ते या भेटीचे खरे मोल. परिसराच्या भिंतीला जवळजवळ खेटून लेअर्ड यांच्या कारखान्यातून पुढे आलेल्या कॅमेल लेअर्ड या जहाजबांधणी कंपनीची सुकी गोदी आहे. तिच्या यारी, तिच्यापलीकडे नदी आणि खाली चर्चच्या आवारात लेअर्ड घराण्याची कबर, हे सारे एकाच नजरेत येते.

जॉन लेअर्ड (१८०५–१८७४) १८२८ मध्ये वडिलांच्या लोखंडी कारखान्यात भागीदार झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे आयर्लंडच्या अंतर्गत जलमार्गासाठी लोखंडी पडाव तयार झाला. जहाज म्हणजे लाकडाचेच, असे मानणाऱ्या काळात त्यांनी लोखंडावर भिस्त ठेवली. १८३९ मध्ये त्यांनी बांधलेली ‘नेमेसिस’ ही ईस्ट इंडिया कंपनीची आगबोट ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफू युद्धात उथळ नद्यांमधून थेट आत शिरली आणि चिनी लढाऊ पडावांचा तिच्यापुढे टिकाव लागला नाही. त्या व्यापारातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे, म्हणून आपल्या वाचकाला ही बोट परकी वाटण्याचे कारण नाही.

१८६१ मध्ये बर्कनहेडला संसदेत पहिल्यांदा जागा मिळाली. लेअर्ड यांनी कारखाना मुलांच्या हाती सोपवला आणि ते हुजूर पक्षातर्फे निवडून आले. मृत्यूपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली. कारखाना सुटला, तरी कारखानदार मात्र सुटला नाही, हे १८६२ मध्येच दिसून आले. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांसाठी याच गोदीत बांधलेले ‘२९०’ क्रमांकाचे जहाज २९ जुलैला चाचणी फेरीच्या निमित्ताने, पाहुण्यांना सोबत घेऊन निघाले; पाहुण्यांना वाटेतच दुसऱ्या बोटीने परत पाठवण्यात आले आणि जहाज मात्र परतले नाही. अझोर्स बेटांपाशी त्यावर तोफा चढल्या आणि ‘अॅलबामा’ या नावाने त्याने उत्तरेची साठहून अधिक व्यापारी जहाजे पकडली अथवा जाळली. त्याच युद्धामुळे अमेरिकन कापूस अडकला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. मार्च १८६३ मध्ये कॉमन्स सभेत ‘अॅलबामा’वरून टीका करणारे खासदार जॉन ब्राइट यांना उत्तर देताना लेअर्ड म्हणाले की, वर्गावर्गांत वैर पेटवणारा माणूस म्हणून ओळखले जाण्यापेक्षा डझनभर ‘अॅलबामा’ बांधणारा म्हणून ओळखले गेलेले मला आवडेल. सभागृहाने त्यांना उचलून धरले. मला हे भाषण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक वाटते, कारण १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ‘अॅलबामा’सारख्या जहाजांनी केलेल्या नुकसानीबद्दल ब्रिटनला अमेरिकेला भरपाईपोटी १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायला लावले आणि तो भार ब्रिटिश जनतेवर पडला.

म्हणून माझी शिफारस अशी की, प्रायरी पाहण्यापूर्वी हा भाग वाचून जावा, नाहीतर मनोऱ्यावरून केवळ कर्तबगारीच दिसते. हॅमिल्टन स्क्वेअर स्थानकावर उतरून आधी चौकातला लेअर्ड यांचा पुतळा पाहावा आणि मग प्रायरीकडे चालत यावे. निघण्यापूर्वी मनोरा उघडा असण्याची वेळ तपासून घ्यावी आणि शक्यतो निरभ्र दिवस निवडावा, म्हणजे नदीपलीकडचे लिव्हरपूलही नीट दिसते.