बुजऱ्या पिल्लासाठी क्लिकर आणि हार्नेस: आठ महिने वापरल्यानंतर

दिसेल त्याच्या अंगावर उड्या मारणारं लॅब्रॅडॉरचं पिल्लू तुमच्या घरी असेल, तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही. आमची खारी (नाव रंगावरून पडलं) देशी आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मली, आणि आमच्या घरात आली तेव्हा तीन महिन्यांची होत आली होती. माणसं, आवाज, वस्तू यांची सवय पिल्लाला सगळ्यात सहज लागते ती वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. हिचा तो सगळा काळ गाड्यांखाली दडण्यात गेलेला. हात पुढे केला की अंग चोरायची, शेपूट पोटाशी घ्यायची आणि दिवाणाखाली जायची ती रात्री सगळे झोपल्यावरच बाहेर यायची. अशा पिल्लाला ‘बस’ आणि ‘ये’ शिकवायला म्हणून मी क्लिकर, हार्नेस (छाती-खांद्यांवर बांधायचे पट्टे), लांब पट्टा आणि कमरेला लावायची खाऊची पिशवी घेतली. त्यांचा हा अनुभव.

आधी क्लिकर. मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत पत्र्याची पट्टी, दाबली की ‘टिक-टक’. दीडशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. हे तंत्र नवं नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४०च्या दशकातच ते प्राण्यांना शिकवण्यासाठी वापरलं होतं. घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत ते पोचलं १९९०च्या सुमारास, कॅरेन प्रायर यांच्यामुळे, आणि त्या मुळात डॉल्फिनना शिकवणाऱ्या. तत्त्व साधं आहे: टिक वाजलं की खाऊ मिळणारच. आधी नुसतं टिक-खाऊ, टिक-खाऊ करायचं. आवाज ऐकून पिल्लू खाऊसाठी बघायला लागलं की मग हवी ती गोष्ट घडते त्याच क्षणी टिक करायचं. बूड जमिनीला टेकलं, टिक. खाऊ एक-दोन सेकंद उशिरा दिला तरी चालतो, कारण नेमकं कशाबद्दल मिळाला ते पिल्लाला कळलेलं असतं.

पण बुजऱ्या पिल्लाला पत्र्याचा तो आवाजच झेपत नाही. खारी पहिल्या टिकला दचकून सरळ मोरीत गेली. डब्यावरच्या चित्रात हे नसतं. यावर उपाय दोन. एक, डबीऐवजी वर गोल बटण असलेला क्लिकर घ्यायचा, त्याचा आवाज मऊ असतो. दुसरा, सुरुवातीला तो मोज्यात गुंडाळून खिशातच वाजवायचा. आम्ही तर पहिले काही आठवडे क्लिकर बाजूला ठेवून नुसता ‘छान’ हा शब्द वापरला. रोज त्याच सुरात, तोंडातल्या तोंडात. काम तेवढंच झालं. त्यामुळे क्लिकरशिवाय अडतं असं मला वाटत नाही. त्याचा खरा फायदा असा की घरातले चार जण चार सुरांत ‘छान’ म्हणतात, क्लिकर मात्र कुणाच्याही हातात सारखाच वाजतो.

खाऊ काय, हा प्रश्न आमच्याकडे नाजूक होता, कारण सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चिकन येत नाही. पनीर, उकडलेलं रताळं आणि गाजर यांवर घरातलं सगळं शिकून झालं. बाहेर रस्त्यावर मात्र पनीरची मात्रा चालेना, तिथे नवरा उकडलेली कलेजी वेगळ्या डब्यातून नेतो. तुकडा मटाराच्या अर्ध्या दाण्याएवढाच, आणि दिवसभराच्या खाण्याच्या एक दशांशाहून जास्त खाऊ नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांतलं काहीही नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत, हे पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं.

सगळ्यात आधी ‘बस’ शिकवा, असं जो तो सांगतो. बुजऱ्या पिल्लाच्या बाबतीत मी ते दुसऱ्या क्रमांकावर टाकेन. नाकावरून खाऊ मागे नेत ‘बस’ शिकवतात, म्हणजे माणूस पिल्लावर वाकतो, आणि हे पिल्लू नेमकं त्यालाच घाबरतं. आधी तळव्याला नाक लावायला शिकवा. जमिनीवर तिरकं बसायचं, डोळ्यांत बघायचं नाही, उघडा तळवा तिच्या हनुवटीच्या खाली, थोडा लांब धरायचा आणि गप्प राहायचं. ती हुंगायला आली की टिक, खाऊ. आपण तिच्याकडे जायचं नाही, तिने आपल्याकडे यायचं. या एका गोष्टीवर आमच्याकडे पुढचं सगळं उभं राहिलं: ‘ये’ त्यातून आलं, लिफ्टमध्ये शिरणं आलं, डॉक्टरांच्या वजनकाट्यावर चढणं आलं. ‘बस’ नंतर दोन दिवसांत जमलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त घरात एकच शब्द ठरवा. आमच्याकडे ‘सिट’, ‘बस गं’ आणि ‘खाली’ असे तीन पक्ष होते.

पाहुण्यांसाठीची युक्तीही यातलीच. आलेल्याने तिच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, आणि खाऊ तिच्या पुढ्यात न टाकता तिच्या मागे लांब टाकायचा. खाऊ घ्यायला ती मागे जाते, लांब गेल्याने जिवात जीव येतो, मग आपणहून चार पावलं पुढे येते. हातातून खाऊ दाखवून जवळ बोलावलं, तर लालचीने येते खरी, पण खाऊ संपल्यावर आपण अनोळखी माणसाच्या पायाशी आहोत हे तिच्या लक्षात येतं, आणि अशा वेळीच पिल्लू चावायला धावतं.

हार्नेसबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे जिवाशी गाठ आहे. छातीवर वाय आकार होणारा घ्या, म्हणजे खांदे मोकळे राहतात. पण देशी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक. घाबरून मागे रेटलं की साधा हार्नेस डोक्यावरून अलगद निघून येतो. फासळ्यांच्या मागे, कंबरेशी तिसरा पट्टा असलेला हार्नेस मिळतो, महाग आहे, पण बुजऱ्या कुत्र्यासाठी तोच घ्यावा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवायचा, आणि वाढत्या वयात दर आठवड्याला तपासायचा. दिवाळीत हार्नेससोबत गळपट्टाही घालतो आणि दोन्हींना लीश (हातात धरायचा पट्टा) लावतो.

लस पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या (पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या) भीतीने पिल्लाला घरातच ठेवतात. बुजऱ्या पिल्लाला ते परवडत नाही. पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा गेला की जपून बाहेरचं जग दाखवायला सुरुवात करावी, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या वर्तनविषयक संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय. आपल्या रस्त्यांवर मात्र जमिनीवर ठेवण्याची सोय नाही. म्हणून ओढणीच्या झोळीत घालून, स्कूटर स्टँडवर लावून कोपऱ्यावर नुसतं बसायचं. पीएमपीची बस बघ, भाजीची गाडी बघ, पनीर खा, घरी चल.

पुण्यात राहायचं तर ढोल-ताशा टळत नाही. गणपतीच्या कितीतरी आधी नदीकाठी पथकांचे सराव सुरू होतात. आम्ही मोबाईलवर ढोल अगदी बारीक आवाजात लावून तिचं जेवण वाढायचो. मग प्रत्यक्ष सराव, पण इतक्या लांबून की फक्त ठेका ऐकू यावा. तिथे माझं मोजमाप एकच होतं: आवडता खाऊ नाकाशी धरूनही ती खात नसेल, तर आपण फार जवळ आलोय. मागे फिरायचं. जांभया देणं, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं ही त्याच्या आधीची लक्षणं. ‘घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावते’ हे सासूबाईंचं म्हणणं, आणि बहुतेकांचं. पण भीती ही काही बक्षिसासाठी केलेली करामत नाही. जवळ येऊ मागत असेल तर खुशाल घ्यावं.

मधल्या काळात एका ट्रेनरलाही बोलावलं होतं. गळ्यात आवळणारी साखळी घाला, दोन झटक्यांत सरळ होईल, असं त्यांचं मत पडलं. चहा दिला आणि पुन्हा बोलावलं नाही. झटक्याने पिल्लू गप्प होतं, धीट होत नाही, आणि गप्प झालेलं भित्रं कुत्रं कधी चावेल याचा अंदाज येत नाही.

सातव्या-आठव्या महिन्यात सगळं विसरल्यासारखं होतं, तयारी ठेवा. ‘ये’ म्हटलं की खारी माझ्याकडे बघून झाडामागे जायची, आणि रोजच्या घंटागाडीच्या गाण्याला पुन्हा घाबरायला लागली. वयच तसं असतं. तेव्हा पाच मीटरचा लांब पट्टा कामाला आला. तो हार्नेसलाच लावायचा, गळपट्ट्याला कधीच नाही, आणि ‘ये’ म्हणून बोलावून अंघोळीला न्यायचं नाही. खाऊची पिशवी मात्र नसती घेतली तरी चाललं असतं. जुन्या ॲप्रनचा खिसा पुरतो.

आज ती ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ हे सगळं ऐकते, दारात उड्या मारत नाही, लिफ्टमध्ये कोपऱ्यात बसते. रेनकोट आणि हेल्मेट घातलेली माणसं अजून चालत नाहीत, डोक्यावरून हात फिरवणं फक्त घरच्यांकडून चालतं. शिकलेल्या गोष्टींसाठी क्लिकर आता लागत नाही. सध्या तो फक्त नखं कापताना बाहेर येतो: पंजा हातात दिला, टिक, कात्री नखाला टेकली, टिक, एका वेळी एकच नख. घ्यायचंच असेल तर पैसे आधी तीन पट्ट्यांच्या हार्नेसला घाला, मग लांब पट्ट्याला, आणि उरलेल्यांत बटणाचे दोन क्लिकर घ्या. एक दुधाचे दात पडेपर्यंत चावून संपतो.