सायकल आरामशीर करून देतो म्हणाला आणि रॅलेचं हबच गायब केलं

चूक माझीपण आहे हे आधीच कबूल करतो, पण ठाण्यात कोणाच्या घरी जुनी सायकल असेल तर एवढं वाचून घ्या.

वडिलांची रॅले. रॉडब्रेकवाली, म्हणजे केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक, मागे तीन गिअरचं स्टर्मी-आर्चर हब (चाकाच्या मधला गोल भाग, गिअर त्याच्या आत), वर स्प्रिंगवाली ब्रुक्सची लेदर सीट. चरईच्या घरात जिन्याखाली वीसेक वर्षं उभी होती. यंदा म्हटलं रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारू, तर दुसऱ्याच दिवशी गुडघे बोलायला लागले, वय 54, पायडल जड, हँडल खाली, कंबर धरली ती वेगळीच.

मग ओळखीतून एक तरुण आला, जुन्या सायकली 'कम्फर्टेबल' करून देतो म्हणे. काका काका करत इतका गोड बोलला की बायकोने चहा दिला. "काका, हब जाम आहे, याचे पार्ट मिळत नाहीत, लेदर पण गेलंय. जेल सीट, केबल ब्रेक टाकू, लोण्यासारखी पळेल." साडेअकरा हजार, त्यातले सहा आधी. मीपण शहाणा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मोकळा झालो, "जुनं काय ते काढून टाका, मला आराम पाहिजे."

पंधरा दिवसांनी सायकल आली ती चकाचक. उरलेले पैसे लगेच दिले. कोपरी पुलाच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला तर सायकल थांबेचना, कशीबशी पाय घासत कडेला घेतली, चप्पल फाटली.

खोपटला एक म्हातारे सायकलवाले आहेत, त्यांनी रिमवर बोट फिरवून दाखवलं. रॉडब्रेकच्या रिमची बाजू गोल असते, त्याचं रबर आतून, तारांच्या बाजूने दाबतं, तिथे बाजूने चिमटणारा ब्रेक पकडणार कशाला? मग मागे बघून म्हणाले, "आणि हब कुठंय?" मागे साधं बिनगिअरचं फ्रीव्हील! जाम कसलं, अशा हबमध्ये बहुतेकदा तेल सुकलेलं असतं, तेलाच्या भोकातून थोडं पातळ तेल सोडायचं आणि गिअरची केबल नीट सेट करायची. पार्टचं म्हणाल तर स्टर्मी-आर्चर कंपनी 2000 साली तैवानवाल्यांनी घेतली, तीन गिअरची हब अजून बनतात. पायडल हलकं करायला मागचं 18 दातांचं चक्र काढून 22 चं टाकायचं, एका क्लिपवर असतं, चेनला दोन कड्या वाढवायच्या. माझं पुढचं 46 चं, म्हणजे मधल्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत सायकल 5.7 मीटरऐवजी 4.7 मीटर जाते, गुडघ्याला तेवढाच फरक पुरतो. आणि हँडल दीड इंच वर. सगळं मिळून हजाराच्या आत झालं असतं, असं ते म्हणाले तेव्हा मला तिथेच बसावंसं वाटलं.

त्या पोराला फोन केला तर म्हणे, "काका, ते भंगारात गेलं." आठवड्याने मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत तीच सीट, 'ओरिजिनल ब्रुक्स', चौदा हजार! मागच्या डाव्या रिव्हेटच्या जागी वडिलांनी पितळी स्क्रू मारलेला, त्याची खाच तिरकी, फोटोत स्पष्ट दिसत होती.

पोलीस चौकीत गेलो. आधीचा फोटो आहे का विचारलं. एकच सापडला, दसऱ्याच्या पूजेचा, त्यात झेंडूचे एवढे हार की हबपण झाकलेलं आणि सीटपण. बिल नाही. त्या पोराने मात्र माझा तो मेसेज दाखवला, "काकांनीच काढून टाका म्हटलंय." साहेबांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. तेव्हा सायकल कोणाच्या हातात द्यायच्या आधी हब, सीट, फ्रेम नंबर सगळ्याचे जवळून फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत पाहिजे असं लिहून द्या, मी नेमकं उलटं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब झाली. हबवर एडब्ल्यू 54 असं ठोकलेलं आहे, लहानपणी दर रविवारी पुसताना वाचायचो. ठाणे, कळवा, मुलुंड, कुठेही ते किंवा तो तिरका स्क्रू दिसला तर प्लीज मला सांगा, पैसे देऊन घेईन.