प्लॅनिंग सॉफ्टवेअरचा डेटा इम्पोर्ट, दीड वर्ष वापरल्यावर

बुटीबोरी एमआयडीसीत आमचा फूड प्लांट आहे, संत्रा बर्फी, स्क्वॅश, थोडं नमकीन. मी तिथं प्लॅनिंग पाहतो. दीड वर्षापूर्वी एक्सेल सोडून आम्ही सप्लाय चेनचं प्लॅनिंग सॉफ्टवेअर घेतलं. नाव इथं टाकत नाई, कारण यातल्या काही चुका आमच्या फाइलींच्याही होत्या. आणि रिव्ह्यू एकाच गोष्टीचा करून राहिलो, इम्पोर्टचा, म्हणजे ईआरपीतून (कंपनीचं स्टॉक, खरेदी, हिशेबाचं मुख्य सॉफ्टवेअर) काढलेल्या एकमेकांत गुंतलेल्या याद्या आत टाकायच्या तो भाग. डेमोत सगळे रंगीत ग्राफ दाखवतात भाऊ, हे कोणी दाखवत नाई, अन् रोजचं काम यावरच चालते.

आधी चांगलं सांगतो. याला टेबलांचं नातं कळते. युनिट, प्लांट-गोदाम, सप्लायर हे आधी, मग आयटम मास्टर (सगळ्या मालाची मूळ यादी), मग कोणता आयटम कोणत्या गोदामात, मग बीओएम (एक माल बनवायला काय काय किती लागते त्याची यादी), मग सप्लायरचे सोर्स (कोणता माल कोणाकडून घ्यायचा), आणि सगळ्यात शेवटी स्टॉक, उघड्या पीओ (दिलेल्या पण माल न आलेल्या खरेदी ऑर्डरी) आणि फोरकास्ट, म्हणजे पुढच्या मागणीचा अंदाज. आधी मायबाप मग लेकरं, असं आमचा ट्रेनर सांगायचा आणि ते बरोबरच आहे, बीओएमच्या ओळीत ज्या आयटमचा कोड आहे तो आयटम आधी असलाच पाहिजे ना. हा क्रम एकदा सेट केला की सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकायच्या, सॉफ्टवेअर आपोआप क्रमानं उचलते. आधीच्या एका टूलमध्ये एकेक फाइल हातानं लावून मान मोडायची, त्या मानानं हे सुख आहे.

एरर फाइल तर मस्तच. जी ओळ गेली नाई ती जशीच्या तशी परत देते, बाजूला एक कॉलम जोडून कारण लिहिते, "हा सप्लायर कोड सापडला नाही" वगैरे, आपण दुरुस्त करून तेवढीच फाइल परत टाकायची. चारशे ओळींतल्या सहा चुका शोधायला पूर्ण फाइल चाळावी लागत नाई. यासाठी पूर्ण मार्क.

आता जे मला खरंच खटकलं ते.

इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये एक टिक असते, जोडलेला रेकॉर्ड सापडला नाई तर नवीन तयार करा. आम्हाला सिस्टम मिळाली तेव्हा ही टिक आधीपासूनच मारलेली होती, कोणी सांगितलं नाई आणि आम्ही विचारलं नाई. झालं काय, २०० ग्रॅम बर्फीच्या पाऊचचा छापील लॅमिनेट रोल, त्याचा कोड ००४५१२. बीओएमच्या फाइलमध्ये एका ओळीचं प्रमाण बदलायचं होतं म्हणून कोणीतरी ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साधी टेक्स्ट फाइल, एक्सेलमध्ये उघडली, बदललं, सेव्ह केली. एक्सेलनं त्याला आकडा समजून पुढची दोन्ही शून्यं खाल्ली, राहिला ४५१२. सॉफ्टवेअरला ४५१२ सापडला नाई, टिक होती, त्यानं नवीन आयटम बनवला. नाव कोरं, सप्लायर कोरा, लीड टाइम (ऑर्डरपासून माल यायला लागणारा वेळ) शून्य, स्टॉक शून्य. एकही एरर नाई, हिरवी पट्टी आली, इम्पोर्ट सक्सेसफुल.

मग बर्फीची सगळी मागणी त्या कोऱ्या आयटमवर जाऊन बसली आणि खऱ्या ००४५१२ ला मागणीच नाई, म्हणून सिस्टमनं सल्ला दिला की याची पीओ पुढं ढकला, स्टॉक जास्त होऊन राहिला. परचेजच्या ताईंनी ढकलली, त्यांची काहीच चूक नव्हती, स्क्रीनवर तेच लिहिलं होतं. छापील लॅमिनेटला आम्हाला चार आठवडे लागतात. दिवाळीच्या तोंडावर रोल संपले तेव्हा कळलं, आणि साध्या पाऊचवर स्टिकर चिकटवून माल काढावा लागला. पॅकिंगच्या बायका दोन दिवस रात्री आठपर्यंत थांबून हातानं स्टिकर लावत होत्या, ते पाहून फार वाईट वाटलं. एका टिकपायी.

ही टिक बंदच असायला पाहिजे, यावर मी ठाम आहे. युनिट किंवा रंग यासारख्या बारक्या यादीत नवीन नोंद आपोआप बनली तर एकवेळ चालते, आयटम आणि सप्लायरमध्ये कधीच नाई. टेबलवार चालू-बंद करता येते, पण ती सेटिंग चार मेनू आत दडलेली आहे.

दुसरी गोष्ट, हे एकेक ओळ वेगळी तपासते. ऐकायला बरं वाटते, पण बीओएम म्हणजे पूर्ण एक रेसिपी असते, त्यातली एक ओळ पडली की उरलेलं खोटंच होते. आमच्या ईआरपीत साखरेचं युनिट केजीएस होतं कारण जीएसटीच्या यादीत किलोचा कोड केजीएस असाच आहे, आणि प्लॅनिंगमध्ये आम्ही केजी ठेवलं होतं. युनिटला टिक बंद होती म्हणून साखरेची ओळ एररमध्ये गेली, बाकी दहा ओळी आत. आठवडाभर प्लॅननुसार बर्फी बिनसाखरेची बनत होती. एरर फाइल रोज येत होती, पण उघडून पाहायची कोणाची ते ठरलंच नव्हतं. आता सकाळी पावणेदहाला मी उघडतो, चहाच्या आधी. तरी कंपनीला सांगणं आहे, एक ओळ चुकली तर ती पूर्ण रेसिपी परत पाठवा असा पर्याय द्या, मागितलाय, अजून आला नाई.

तारखांचं जरा नीट ऐका, कारण आम्हाला सोर्समध्ये तारखा लागतातच. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडं, त्यामुळं काटोल, नरखेड, वरुडचा कोणता सप्लायर कधीपासून कधीपर्यंत चालू हे सगळं तारखेवर. फाइलमध्ये ०५-१०-२०२४ म्हणजे ५ ऑक्टोबर, सिस्टमनं वाचलं १० मे. १३ आणि त्यापुढच्या तारखांचे रेकॉर्ड एररमध्ये गेले म्हणून पकडलं, पण १ ते १२ वाले गुपचूप आत जाऊन बसले होते, म्हणजे मे महिन्याच्या ४५ डिग्रीत हे संत्र्याच्या ऑर्डरी सुचवून राहिलं. आता आम्ही वर्ष आधी लिहितो, २०२४-१०-०५, तेव्हापासून त्रास नाई. सप्लायरची नावं मराठीत असतील तर एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणूनच सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत सगळी प्रश्नचिन्हं होतात.

अपडेट की रिप्लेस हेही पाहून घ्या. रिप्लेसमध्ये जे फाइलमध्ये नाई ते पुसते, आणि आयटम पुसला की त्याला लटकलेला स्टॉक, बीओएम, सोर्स सगळं जाते. पण इथं सॉफ्टवेअरला श्रेय देतो, ते आधी प्रीव्ह्यू दाखवते, किती नवीन, किती बदलले, किती जाणार. नवीनचा आकडा शून्याऐवजी एक दिसला तरी मी थांबतो आणि तो कोणता ते उघडून पाहतो.

सपोर्टवाले पोरं चांगले आहेत, फोन उचलतात, पण दोनदा वेगवेगळं उत्तर मिळालं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर डेमोला त्यांची सॅम्पल फाइल चालवू देऊ नका, आपली घ्या, एका कोडचं शून्य काढून, एका ओळीचं युनिट बदलून, आणि त्यांच्यासमोर टाकायला लावा. राउटिंगचं (माल कोणत्या मशीनवर कोणत्या क्रमानं बनतो त्याचं) इम्पोर्ट आम्ही अजून सुरू केलं नाई, बर्फीची दुसरी लाइन लागली की करणार आहे, तेव्हा ते कसं गेलं ते इथंच खाली लिहीन.