सेकंडहँड निकॉन डी७५०: एका लगीनसराईनंतरचा अनुभव

निकॉनचा डी७५० हा २०१४ सालचा कॅमेरा. आता सगळे मिररलेस (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) घेत असताना हा कशाला, असं मला दुकानदारापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. फुल फ्रेम (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा) सेन्सर, दोन कार्ड स्लॉट आणि माझ्या खिशाला झेपेल अशी किंमत हे तिन्ही एकत्र मला दुसरीकडे मिळत नव्हतं, एवढंच उत्तर होतं. गेल्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापुरातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून बॉडी, २४-१२० एमएम एफ ४ झूम लेन्स आणि दोन बॅटऱ्या असा सेट घेतला. शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, साठ हजारांच्या पुढे गेलेला होता. कंपनीने या शटरची चाचणी दीड लाखापर्यंत केलेली आहे, त्यामुळे फारशी धाकधूक नव्हती. तुळशीचं लग्न झालं आणि हंगाम सुरू झाला. आता आषाढी होऊन गेलीय, मुहूर्त संपलेत, म्हणून सवडीने लिहितोय.

मी नोकरदार माणूस. आधीची काही वर्षं फोटोग्राफी म्हणजे रंकाळ्यावरची सकाळ, पन्हाळ्याचं धुकं, चैत्रातली जोतिबाची यात्रा. यातून दोन पैसे मिळतील का, हे बघायला शनिवार-रविवारी एका जुन्या फोटोग्राफरबरोबर दुसरा कॅमेरा म्हणून उभा राहायला लागलो. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. त्यामुळे हा अनुभव हौशी माणसाचा कमी आणि कामाला लागलेल्या शिकाऊ माणसाचा जास्त आहे. हौसेत उजेड चांगला नसेल तर कॅमेरा पिशवीत टाकून घरी जाता येतं. लग्नात मुहूर्त बारा सदतीसचा असेल तर बारा सदतीसला जो उजेड असेल तोच घ्यायचा.

आणि मंगल कार्यालयातला उजेड बहुतेक वेळा वाईटच असतो. छताला जुन्या ट्यूबा, स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी, व्हिडिओवाल्याचा पांढरा लाइट तिसऱ्याच रंगाचा. सुरुवातीच्या एका साखरपुड्यात सेकंदाच्या १/२५० शटर ठेवून काढलेल्या फोटोंत एक फ्रेम पिवळट, दुसरी निळसर, तिसऱ्यात अर्ध्या चेहऱ्यावर काळपट पट्टा असा प्रकार होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर त्याहून वेगाने उघडमीट झालं की त्या चढउताराचा एखादाच तुकडा हाती लागतो. नव्या कॅमेऱ्यांत यावर उपाय म्हणून फ्लिकर रिडक्शन (उजेड तेज असतानाच शटर उघडणारी सोय) असतं, डी७५० मध्ये फोटोसाठी ते नाही. म्हणून हॉलमध्ये शिरलो की शटर १/१०० वर आणून ठेवतो. एलईडी भिंतीचं गणित वेगळं, तिच्यापुढे पट्टे कधी येतात, कधी येत नाहीत. तिथे मी जोडप्याला अर्धं वळवून उभं करतो आणि भिंत फ्रेमच्या बाहेर ठेवतो.

या कॅमेऱ्याची मला सगळ्यात उपयोगी पडलेली सोय म्हणजे हायलाइट-वेटेड मीटरिंग, उजळ भाग बघून उजेड मोजण्याची पद्धत. स्टेजवर नवरीच्या चेहऱ्यावर कडक लाइट आणि मागे अंधार असला की नेहमीचं मीटरिंग अंधाराला भुलतं आणि चेहरा पांढराफटक करून ठेवतं. हे मीटरिंग उजळ भाग सांभाळतं. बाकीचा फोटो काळा दिसतो, पण कमी आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवून) या सेन्सरच्या सावल्या नंतर दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलल्या तरी रंग फाटत नाहीत. आयएसओ ६४०० वर एवढी उचल मागू नका. पण एक्सपोजर नीट असेल तर ६४०० चा फोटो अल्बमच्या पानावर बिनधास्त जातो. गंगावेस तालमीत पहाटे एका झरोक्याच्या उजेडावर मल्लांचे फोटो काढले तेव्हा १/५०० लागत होतं आणि आयएसओ त्याच घरात गेला होता. तांबड्या मातीचे कण पाठीवर सुटे सुटे दिसतात.

आता अंतरपाट. लग्नाचा सगळा दिवस एकीकडे आणि ते दहा सेकंद एकीकडे. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली की मी भटजींच्या बाजूला, गुडघ्यावर. समोर व्हिडिओवाला, वधूच्या मागे मामा, आणि अक्षतांनी भरलेल्या मुठी चहूबाजूंनी. दादांनी पहिल्याच लग्नात मागून दटावलं होतं, "स्क्रीन नंतर बघ रे, आधी अंतरपाटाकडं बघ!" 'सावधान' झालं, पडदा उत्तरेकडे सरकला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, की त्या नजरेला दुसरा टेक नाही. इथे डी७५० चे दोन स्वभाव कळतात. एक म्हणजे ५१ फोकस पॉइंट फ्रेमच्या मधोमध दाटीवाटीने बसलेत. चेहरा कडेला हवा असेल तर पॉइंट तिथवर पोचत नाही. दुसरं असं की कॅमेऱ्यालाच पॉइंट निवडायला सांगितलं तर बाजूने काढताना तो नेमक्या मुंडावळ्या पकडतो. मोत्याचा सर काटेकोर, डोळा मऊ. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा ओळखण्याची सोय नाही, त्यामुळे सिंगल पॉइंट, तोही जवळच्या डोळ्यावर, आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) एफ ४ पेक्षा जास्त उघडत नाही. फोकस मी शटरच्या बटणावरून काढून मागच्या एई-एल बटणावर दिलाय. या मॉडेलला फक्त फोकससाठीचं वेगळं एएफ-ऑन बटण नाही, पण मेनूत ही अदलाबदल करता येते.

त्याच क्षणी बफरही (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती मेमरी) दगा देऊ शकतो. सेकंदाला साडेसहा फ्रेमचा वेग पुरेसा आहे, पण १४ बिट रॉमध्ये (रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) पंधराएक फ्रेम झाल्या की कॅमेरा धापा टाकतो. १२ बिटवर अंदाजे पंचवीस मिळतात. अंतरपाटाच्या आधी मी १२ बिट करतो आणि बोट दाबून न धरता दोन-दोन, तीन-तीन फ्रेम घेतो. अल्बममध्ये फरक कोणाला दिसलेला नाही, मलाही नाही.

दोन कार्ड स्लॉटसाठी हा कॅमेरा घेतला असं वर म्हटलंय, त्याचं कारण फेब्रुवारीत एका हळदीला कळलं. कार्यक्रम रंगात आलेला आणि पहिल्या स्लॉटमधलं कार्ड एरर द्यायला लागलं. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, नवं, बिलासकट. त्यातलं नंतर काहीच वाचता आलं नाही. दुसऱ्या स्लॉटला बॅकअपवर, म्हणजे तेच फोटो पुन्हा साठवणारं, कार्ड असल्याने सगळं शाबूत होतं. एक स्लॉटचा कॅमेरा घेऊन लग्नाचे फोटो काढणारे आहेत, ज्याचा त्याचा प्रश्न. पण जे पुन्हा काढता येत नाही ते एकाच कार्डवर ठेवून मला पंगतीत जेवण गेलं नसतं.

हळदीबद्दल आणखी एक. उन्हात हळद माखलेला चेहरा दिसायला झकास, पण कॅमेऱ्याचा लाल चॅनल तिथे सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन बारकावे उडतात. मागच्या स्क्रीनवरचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि घरी येऊन बघावं तर गालावर नुसता पिवळा ठिगळ, कातडीचा पोत गायब. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावून पाऊण-एक स्टॉप कमी एक्सपोज केलं की पोत राहतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर तो पिवळा रंग मारायला बघतो, म्हणून उन्हात ५२०० केल्व्हिन वगैरे ठरवून टाकतो.

फ्लॅश गोडॉक्सचा टीटी६८५ आहे, निकॉनसाठीचा. छत पांढरं असलं की वर मारून सुंदर, मऊ उजेड मिळतो. मांडवाचं कापड गुलाबी असलं की वऱ्हाडाचे चेहरेही गुलाबी. मग मी जवळची पांढरी भिंत शोधतो, तीही नसेल तर पाठीमागे दादांचा मुलगा रिफ्लेक्टर धरून उभा. डी७५० ची सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशबरोबर एरवी चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२००. भर दुपारी बाहेर फ्लॅश मारायचा तर मेनूत ऑटो एफपी (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवणारी सोय) चालू करावं लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्ची पडते. शिवाय शटर १/४००० च्या वर जात नाही, म्हणजे उन्हात ५० एमएम एफ १.८ पूर्ण उघडी ठेवायची तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घ्या नाहीतर सावलीत चला. मी सावलीत जातो.

न आवडलेलं: लाइव्ह व्ह्यूचा (मागच्या स्क्रीनवर बघून काढतानाचा) फोकस रेंगाळतो, त्यावर हलती माणसं टिपायला जाऊ नये. शटरचा आवाज मंत्रांच्या मधे ऐकू जातो, आवाज कमी करणारा क्यू मोड लावूनही भटजी एकदोनदा वळून बघतात. आणि वजन. बॉडी, २४-१२० आणि फ्लॅश मिळून दोन किलोच्या घरात जातं. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत ते गळ्यात वागवायचं म्हणजे रात्री मान कुरकुरतेच. दोन्ही खांद्यांवर भार टाकणारा पट्टा घेतल्यापासून बरं आहे.

लेन्सच्या बाबतीत मात्र दिवस चांगले आलेत. लोक मिररलेसकडे वळताहेत, त्यामुळे जुन्या एफ माउंटच्या (निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांना बसणाऱ्या) लेन्स बाजारात भरपूर आहेत. डी७५० च्या बॉडीत फोकसची मोटर असल्याने स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी मालिकेच्या लेन्सही ऑटोफोकस करतात. निकॉनच्या मिररलेसला एफटीझेड अडॅप्टर लावून त्या बसतात खऱ्या, पण फोकस हातानेच. मी ८५ एमएम १.८ डी घेतली. मुलीच्या पाठवणीत दूर उभं राहून आईचा चेहरा टिपायला तिच्याइतकी कामाची लेन्स माझ्याकडे नाही.

पैशाचं थोडं. कामापेक्षा वसुली अवघड, हे सगळे सांगतात आणि खरं आहे. एका ओळखीतल्या ऑर्डरचे उरलेले पैसे अजून यायचेत. आता विसार घेतल्याशिवाय तारीख लिहून ठेवत नाही आणि शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय अल्बम छापायला पाठवत नाही. दुसरं बऱ्याच नवख्यांना माहीत नसतं: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे स्वतःचं काम दाखवायला नवरा-नवरीचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे तर तसं लिहून घ्यावं. मी पावतीवरच एक ओळ छापून घेतलीय. नकार देणारेही भेटतात, त्यांचे टाकत नाही.

आणि 'जरा गोरं करा' हा आग्रह. सुरुवातीला वाद घालायचो. आता दोन फोटो शेजारी ठेवून दाखवतो, एक त्यांच्या मनासारखा आणि एक माझा. नवरी बहुतेक वेळा माझा उचलते, आत्या बहुतेक वेळा दुसरा.

सध्या कॅमेरा आणि लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवून आहेत. काटा ४५-५० टक्क्यांवर राहील एवढं बघतो. आमच्याकडचा पाऊस लेन्सला बुरशी आणायला पुरेसा आहे. जोतिबाचा गुलाल मात्र अजून झूमच्या रिंगमधून निघतोय. ब्लोअरने फुंकायचा, ओलं कापड लावायचं नाही, लावलं की गुलाबी लगदा होतो.

हाच कॅमेरा जुना घेणार असाल तर शटर काउंटच्या आकड्यावर समाधान मानू नका. लेन्स एफ १६ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि सेन्सरवरचे डाग मोजा. वर-खाली कलणाऱ्या स्क्रीनची केबल तपासायला स्क्रीन खालीवर करत चित्र लुकलुकतं का बघा. हॉटशूवर, म्हणजे फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत, स्वतःचा फ्लॅश लावून पाहा, लग्नातल्या कॅमेऱ्यांच्या त्या खाचा सैल झालेल्या असतात. अनुक्रमांक आणि बिल जुळवा. आणि दोन्ही स्लॉटमध्ये स्वतःची कार्डं घालून, बॅकअप लावून, निदान शंभरेक फोटो तिथेच उभं राहून काढा. विकणारा घाई करत असेल तर चहा मागवा.