मिनी ट्रॅक्टर आणि ऑफ-रोड जीप वाहायला घेतलेला ट्रेलर: वरूड-मोर्शी भागातला वापरानंतरचा अनुभव

ट्रेलर करायला वर्कशॉपमध्ये गेलं की पहिलाच प्रश्न येतो, "किती टनाचा करायचा?" माझ्या मते आधी दोन गोष्टी ठरवायच्या: गाडी चढवताना रॅम्पचा चढ किती राहील आणि ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर वजन किती पडेल. गेल्या दिवाळीत ट्रेलर घेतला. उन्हाळा गेला, पावसाळाही जवळपास सरला. या काळात जो काही त्रास झाला आणि जे काही सोपं गेलं, ते फिरून याच दोन गोष्टींवर येतं.

आधी माझं काम सांगतो. माझ्याकडे १५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. घरची संत्रा बाग आणि भाड्याची कामं दोन्ही त्याच्यावरच चालतात. वावरं विखुरलेली, काही वरूडजवळ, काही मोर्शीकडे, एक शेंदुरजना घाटच्या पुढं. ट्रॅक्टर रस्त्यानं चालवत न्यायचा तर ताशी वीस-पंचवीसच्या वर जात नाही, आणि सिमेंट रस्त्यावर शेतीच्या टायरची उंच नक्षी बघता बघता घासून जाते. शिवाय मावसभावानं ऑफ-रोडसाठी तयार केलेली जुनी जीप आहे. तिचे चिखलाचे रुंद टायर डांबरी रस्त्यावर लांबवर चालवणं म्हणजे पैसे घासणंच. दोन्ही वाहनं पिकअपमागे एकाच ट्रेलरवर वाहायची, एका वेळी एक.

ट्रेलर असा आहे: ११ बाय ६ फुटांचा तळ, वर चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा), खाली सी-चॅनलची (C आकाराच्या लोखंडी तुळयांची) चौकट, दोन अॅक्सल, स्प्रिंगचे पाटे, पुढं दांडा आणि पिकअपला जोडायला ५० मिलीमीटरचा बॉल-हुक. रिकाम्याचं वजन सहाशे किलोच्या आसपास. चाकं तळाच्या खाली नाहीत, बाहेरच्या बाजूला आहेत. त्यामुळे रुंदी साडेसात फुटांच्या घरात जाते आणि पांदणीत दोन्हीकडच्या बाभळी मडगार्डला घासतात. तरी मी पुन्हा हेच निवडीन. कारण यानं तळ जमिनीपासून फक्त २० इंचांवर राहिला.

चढाचा हिशेब साधा आहे. तळ ३० इंच उंच आणि रॅम्प ५ फुटांचा असेल तर चढ ३० अंशांचा होतो. २० इंच उंची आणि ६ फुटांचा रॅम्प घेतला तर तो १६ अंशांवर येतो. कागदावर फरक लहान दिसतो. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून बघा. मिनी ट्रॅक्टरचं बरंचसं वजन मागच्या चाकांवर असतं, त्यात मागं रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) लटकलेला. तीस अंशांवर तोंड पुढं करून चढवला तर पुढची चाकं हलकी पडतात, उचललीही जातात. म्हणून ओल असली किंवा जागा उताराची असली की मी ट्रॅक्टर उलटाच, रिव्हर्समध्ये चढवतो. गिअर सगळ्यात खालचा, आणि रॅम्पवर मध्येच क्लच दाबायचा नाही. जीप मात्र सरळ चढते, तिला फक्त रॅम्पच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर सरकवून घ्यावं लागतं. रॅम्प सरकते घ्या, एका जागी वेल्ड केलेले नको.

आता टेकूबद्दल. यावर बोलायला लोक कंटाळा करतात. गाडी रॅम्पवरून ट्रेलरच्या मागच्या काठावर आली की सगळा भार तिथं येतो, ट्रेलरचं शेपूट खाली दबतं आणि पुढचा दांडा वर उठतो. दांड्याबरोबर पिकअपचा मागचा भागही उचलला जातो. हँडब्रेक असतो मागच्या चाकांवर, आणि त्याच चाकांची पकड त्या वेळी सुटते. उतारावर असाल तर पिकअप, ट्रेलर आणि अर्धवट चढलेला ट्रॅक्टर असं सगळं मिळून चालायला लागेल. आमच्या गावच्या वेल्डरकाकांनी ट्रेलर बघितल्याबरोबर सांगितलं, "भाऊ, टेकू लावल्याबिगर चढवू नोका." त्यांनीच मागच्या दोन कोपऱ्यांना खाली सोडता येणारे पाय बसवून दिले, पिन काढली की उतरतात. काळ्या मातीत ते रुततात, म्हणून खाली ठेवायला फळीचे दोन तुकडे ट्रेलरमध्येच पडलेले असतात. पिकअपच्या पुढच्या चाकांना गुटके लावतो, मागच्या नाही.

हुकावरच्या वजनाकडे आमच्या भागात फारसं कोणी बघत नाही. ट्रेलर आणि माल मिळून जे वजन होईल, त्याच्या १० ते १५ टक्के दांड्यावर यायला हवं. माझा ट्रॅक्टर रोटाव्हेटरसकट साडेनऊशे किलो धरला तर ट्रेलर धरून एकूण १,५५० होतात, म्हणजे हुकावर १५५ ते २३० किलो. कमी पडलं तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. जास्त झालं तर पिकअपची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगला वजनच लागत नाही. मोजायला वेगळं यंत्र नको. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर पिकअपपासून सोडवून, दांडा जॅकवर सरळ धरून पूर्ण तोला. मग पिकअपला जोडा आणि ट्रेलरची फक्त चाकं काट्यावर राहतील असं उभं करून पुन्हा तोला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचं वजन. योग्य जागा सापडली की ट्रॅक्टरचं पुढचं चाक कुठं येतं तिथं तळावर रंगानं रेघ मारून ठेवा. माझ्या तळावर दोन रेघा आहेत, ट्रॅक्टरची पिवळी आणि जीपची पांढरी. कोणीही चढवो, रेघेवर चाक आलं की झालं.

ट्रेलर झुललाच तर ब्रेकवर उभं राहू नका आणि स्टेअरिंगही झटकू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

दोन अॅक्सल घेतल्याचं समाधान हायवेवर मिळतं. एक टायर फुटला तरी ट्रेलर एका बाजूला कोसळत नाही. पण वावरात तोच त्रास. आखूड वळणावर टायर आडवे घासतात, आणि रिकामा ट्रेलरसुद्धा हातानं फिरवता येत नाही. ज्यांना फक्त ट्रॅक्टर न्यायचा आहे, तोही गावाच्या आसपास, त्यांनी एकच अॅक्सल घ्यावा. जीपसारखं जड वाहन असेल तर दोनच. चाकं मात्र पिकअपच्याच मापाची आणि त्याच बोल्टची मागा, एक स्टेपनी दोन्हीकडे चालते.

ब्रेक ओव्हररन पद्धतीचा आहे. पिकअप हळू झाली की ट्रेलर पुढं रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात. सपाटीवर उत्तम. जीप घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो तेव्हा उतरताना सतत रेटा बसून ब्रेकचे ड्रम तापले, म्हणून घाटात दुसऱ्या गिअरवर उतरतो आणि मध्ये थांबतो. रिव्हर्स घेताना हाच ब्रेक उलटा जाम होतो, तेव्हा तो लागू न देणारा खटका दांड्यावर आहे ना हे घेतानाच पाहा.

तक्रारी दोन. बनवणाऱ्यानं रॅम्पच्या बिजागरीला बारीक पिन टाकली होती, ती जीपखाली वाकली. आता जाड बसवली आहे. दुसरी वायरिंगची. वायर चौकटीखालून मोकळीच लोंबत होती. कापूस निघालेल्या वावरातून जाताना पऱ्हाटीच्या खुंटांनी ती ओढून तोडली आणि मागचे दिवे गेले. आता ती पाइपातून नेली आहे. रात्री मागून येणाऱ्याला दिसायला दिवे आणि लाल परावर्तक पट्ट्या या दोन्ही गोष्टी हव्यात.

देखभालीत दोन जागा सांभाळा. हायवेवरून आल्या आल्या ट्रेलर नाल्यात घालू नका. चाकाचा तापलेला हब (मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) थंड पाण्यात गेला की सीलमधून पाणी आत ओढतो आणि बेअरिंग जातं. थोडं थांबा, आणि पावसाळ्यात ग्रीस लवकर बदला. दुसरं म्हणजे बोर्डो, बागेवर फवारायचं मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. फवारणीची टाकी तळावर सांडली की मोरचूद आधी रंगाच्या भेगांत शिरतं आणि मग लोखंड खातं. त्याच दिवशी भरपूर पाण्यानं धुवायचं. माझ्या तळाच्या डाव्या कोपऱ्यात टाकीच्या नळाखाली तांबूस डाग पडलाच आहे. तो घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारायचा आहे.

कागदांबाबत एवढंच, मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरही मोटार वाहनात धरला जातो. नोंदणी आणि विमा वेगळा लागतो, म्हणून बनवणाऱ्याकडून मंजुरीचे कागद मिळतात का हे बयाणा देण्याआधी विचारा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ओढायच्या वजनाची मर्यादा दिली असेल तर तीही त्याच वेळी त्याला दाखवा.